बाराच्या आत न्याहारी

म्युनिक शहराची कोणतीही पर्यटन-पुस्तिका उघडावी, तर ‘आधुनिकता आणि परंपरा यांचा सुरेख मिलाफ’ हे शब्द पहिल्या पानावर भेटल्याशिवाय राहत नाहीत. हा मिलाफ घरी आरामखुर्चीत बसून वाचायला खरोखरच सुरेख वाटतो. तो प्रत्यक्ष पायी फिरून पाहणे मात्र सोसण्याचे काम आहे, आणि तो दाखवणारा आपला सख्खा भाचा तिथे बरीच वर्षे नोकरी करून जर्मनांपेक्षाही अधिक जर्मन झालेला असेल, तर त्या सोसण्याला सुटका नाही. आमच्या भाच्याने आम्हा उभयतांसाठी जो कार्यक्रम आखला होता, त्याचा त्याने रकाने पाडून तक्ता केला होता. त्यात ‘उत्स्फूर्त विश्रांती’ असाही एक रकाना होता आणि ती दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी घ्यायची होती.

आरंभ अर्थातच मारियनप्लाट्झ या मुख्य चौकापासून झाला. इथे दोन टाउन हॉल आहेत, एक जुना आणि एक नवा. टोकदार कमानी, दगडी पुतळे आणि काळवंडलेले मनोरे असलेली जी भव्य इमारत पाहून मी आदराने टोपी काढली, ती नवी निघाली. तिचे बांधकाम १८६७ मध्ये सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संपले. पलीकडची, आताच रंग देऊन वाळत घातल्यासारखी दिसणारी नीटनेटकी वास्तू म्हणजे जुना टाउन हॉल. तो मूळचा पंधराव्या शतकातला, पण दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत त्याची वाताहत झाली आणि आज दिसतो तो त्याचा मनोरा १९७० च्या दशकात पुन्हा उभारण्यात आला. म्हणजे वयाने तो माझ्याहून लहान आहे. मी टोपी परत डोक्यावर ठेवली. “मामा, अकराला चार मिनिटे आहेत, वर बघा,” असे भाच्याने सांगितले.

वर बघायचे कारण म्हणजे नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यातले ग्लोकेनश्पील, अर्थात ४३ घंटा आणि ३२ बाहुल्यांचे यांत्रिक नाट्य. ते रोज अकरा आणि बारा वाजता होते, उन्हाळ्याच्या महिन्यांत सायंकाळी पाचलाही. वरच्या मजल्यावर ड्यूक पाचवा विल्हेल्म आणि लोरेनची राजकन्या रेनाटा यांचा १५६८ मधील विवाहसोहळा चालतो आणि नवदांपत्यापुढे बव्हेरियाचा, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या प्रांताचा एक आणि लोरेनचा एक असे दोन घोडेस्वार भाले सरसावून झुंजतात. पहिल्या फेरीत काही होत नाही, दुसऱ्या फेरीत लोरेनचा स्वार आडवा होतो. १९०८ पासून तो न चुकता आडवा होत आला आहे, आणि तरीही चौकातले शेकडो लोक निकालाविषयी शंका असल्याप्रमाणे मोबाइल उंचावून श्वास रोखून उभे असतात. खालच्या मजल्यावर पिंपे बनवणाऱ्या कारागिरांचा नाच होतो. १५१७ च्या प्लेगनंतर घाबरून घरात बसलेल्या नागरिकांना बाहेर काढण्यासाठी हे कारागीर रस्त्यावर नाचले, अशी आख्यायिका आहे. हाडामांसाची माणसे हा नाच सात वर्षांतून एकदाच करतात. यंत्राच्या बाहुल्यांना मात्र रोज नाचावे लागते. शेवटी एक सोनेरी कोंबडा आरवतो आणि माना खाली येतात. माझी आली नाही. ती तशीच वर ठेवून मला पुढच्या रकान्याकडे नेण्यात आले.

हा रकाना सर्वांत निकडीचा होता, कारण त्यात वाइसवुर्स्ट नावाचे पांढरे सॉसेज होते आणि या सॉसेजच्या कानी बाराची घंटा पडता कामा नये, असा बव्हेरियन दंडक आहे. शीतकपाटे नव्हती त्या काळी पहाटे केलेले हे सॉसेज दुपारपर्यंत नासत असे, म्हणून ते सकाळीच संपवीत. आता शहरात शीतकपाटांची काही वाण नाही. पण दंडक तो दंडक. म्हणजे अकराचे बाहुलीनाट्य संपवून, विक्टुआलियनमार्क्ट ही १८०७ पासूनची मंडई गाठून, जागा मिळवून, गरम पाण्याच्या भांड्यातून आलेले सॉसेज बाराच्या आत पोटात घालायचे. ते सरळ चावून खाण्याचीही सोय नाही. त्याचे साल खात नाहीत. एकतर उभी चीर देऊन ते सोलायचे किंवा अस्सल बव्हेरियन माणसाप्रमाणे एका टोकाने आतला ऐवज शोषून घ्यायचा. मी सोलण्याची शस्त्रक्रिया करीत असताना भाचा घड्याळ धरून उभा होता. सोबत गोड मोहरी, मीठ लावलेले ब्रेट्झेल, म्हणजे गाठीसारखा वळलेला पाव, आणि गव्हाच्या बिअरचा उंच पेला होता. सकाळी साडेअकराला बिअर पाहून सौ.ने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यावर “मामी, ही इथली न्याहारी आहे,” असे भाच्याने परस्पर स्पष्टीकरण दिले. परंपरेपुढे मी मान तुकवली, म्हणजे अखेर ती खाली आली.

त्यानंतर सेंट पीटर चर्चचा मनोरा. तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि याविषयी मी अधिक काही लिहू इच्छित नाही. वरून फ्राउएनकिर्शे या कॅथेड्रलचे कांद्याच्या आकाराच्या घुमटांचे जुळे मनोरे समोरच दिसतात. त्यांची उंची जेमतेम ९९ मीटर. पण २००४ मध्ये म्युनिककरांनी सार्वमत घेऊन, अगदी थोड्या मताधिक्याने का होईना, त्यांच्याहून उंच इमारती शहरात नकोत असा कौल दिला. त्या कौलाची कायदेशीर सक्ती वर्षभराचीच होती, तरी पुढे कितीतरी वर्षे तो पाळला गेला. त्या कॅथेड्रलच्या दाराशी फरशीवर सैतानाच्या पावलाचा ठसा आहे. तिथे उभे राहिले असता खांबांआड बाजूच्या खिडक्या लपतात, त्यामुळे वास्तू बिनखिडक्यांची आहे असे समजून सैतानाने आनंदाने पाय आपटला म्हणे. पायऱ्या उतरून आल्यावर माझाही पाय त्या ठशात चपखल बसला, कारण तो बराच सुजलेला होता.

आधुनिकतेसाठी भुयारी रेल्वेने उत्तरेकडे जायचे होते. फलाटावर जायला फाटक नाही, अडवायला कोणी नाही. मात्र कागदी तिकीट यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवला नाही तर ते खिशात असूनही नसल्यात जमा होते आणि साध्या वेशातला तपासनीस साठ युरो मागतो. बाहेर पडल्यावर एका बाजूला बीएमडब्ल्यूची चार सिलिंडरांच्या आकाराची इमारत आणि दुसऱ्या बाजूला १९७२ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे ताणलेले पारदर्शक छत. पन्नास वर्षे उलटूनही ते अजून व्हायच्या शतकातले वाटते. शेजारी हिरवळीची टेकडी आहे. ती अर्थातच तक्त्यात होती. माथ्यावर पोहोचल्यावर, बोलण्याइतका श्वास परत आल्यावर मी टेकडीचे कौतुक केले, तेव्हा कळले की ती निसर्गाने केलेली नसून युद्धात कोसळलेल्या म्युनिकच्या घरांच्या ढिगाऱ्यांची आहे. एकूण हिशेब असा झाला की, सकाळी मी जे जुने शहर पाहिले त्यातले बरेचसे नवे होते आणि खरे जुने शहर या अत्याधुनिक उद्यानात माझ्या बुटांखाली होते. हे मी भाच्याला सांगितले. हा विचार तक्त्यात नव्हता, त्यामुळे आम्ही लगेच निघालो.

सायंकाळ इंग्लिश गार्डनसाठी राखून ठेवली होती. १७८९ मध्ये आखलेल्या या विस्तीर्ण उद्यानाच्या काही हिरवळींवर नागरिक पूर्णपणे विवस्त्र होऊन ऊन खातात आणि त्याला परवानगी आहे, ही माहिती इतका बारकाईने विचार करणाऱ्या भाच्याने आगाऊ दिली नव्हती. सौ.ला त्या अर्ध्या तासात वृक्षांविषयी एकाएकी गाढ जिज्ञासा उत्पन्न झाली आणि आम्ही सर्व जण शेंड्यांकडे पाहत चालत चिनी मनोऱ्याजवळच्या बिअर गार्डनमध्ये येऊन पोहोचलो. हा लाकडी मनोराही १९४४ मध्ये जळून १९५२ मध्ये पुन्हा बांधलेला आहे, पण एव्हाना मी जन्मतारखा विचारणे सोडून दिले होते.

इथे मात्र सौ.चे भाग्य उजळले. दिवसभर ब्रेट्झेलवर काढलेल्या त्या शाकाहारी जिवाने पिशवीतून थालीपिठांचा डबा चोरून काढला आणि ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई’ अशी पाटी कुठे लावली आहे, ते शोधू लागली. भाच्याने खुलासा केला की, १८१२ मध्ये पहिला मॅक्सिमिलियन जोसेफ या राजाने बिअर बनवणाऱ्यांना आपल्या तळघरांबाहेर बिअर विकायची मुभा दिली, पण खानावळवाल्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून ब्रेडखेरीज खाणे विकायला बंदी केली. तेव्हापासून लोक खाणे घरून आणू लागले आणि आजही चादर न घातलेल्या टेबलावर आपला डबा खुशाल उघडता येतो, बिअर तेवढी त्यांची घ्यायची. सौ.ने सारे शांतपणे ऐकून घेतले, डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, लोणच्याची बाटलीही काढली आणि विचारले, “ह्या राजाची तसबीर कुठे मिळेल का रे?”

“मामी, उद्या रविवार, दुकाने बंद. पण ऑपेरासमोर त्याचा बसलेला पुतळा आहे,” असे म्हणून भाच्याने तक्ता उघडला आणि सकाळच्या दोन रकान्यांच्या मध्ये सव्वानऊ ते साडेनऊ असा एक नवा रकाना पाडला.