लाल दिव्याचे शेवटचे पाच आकडे

लाल दिव्याशेजारचा आकडा ५ वर आला की आमच्या इंदूरच्या पलासिया चौराह्यावर निम्मी वाहनं गिअरमध्ये पडतात. ३ ला क्लच सुटतो आणि १ ला पहिली रांग चौराह्याच्या मधोमध असते. हिरवा दिवा लागतो तो मागे राहिलेल्या सज्जनांसाठी.

वास्तविक सिग्नलचं गणित सोपं आहे. पिवळा साधारण ३ सेकंद, मग सेकंद-दोन सेकंद सगळीकडे लाल, म्हणजे आत शिरलेलं शेवटचं वाहन बाहेर पडावं. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. भानावर यायला एक सेकंद आणि ब्रेकला १२-१५ मीटर धरा, कोरड्या रस्त्यावर ती २५ मीटरच्या आसपास थांबते. पण पिवळा दिसला की आमच्याकडे पाय ब्रेकवर जातच नाही, शेजारच्या पेडलवर जातो. त्या बाजूची घाई आणि या बाजूची घाई मिळून मधली फट खाऊन टाकतात. मग कचकन ब्रेक, "काँ देख के चल रिया, भिया?" आणि दोघंही आपापल्या परीने निर्दोष सुटून पुढच्या सिग्नलकडे.

थांबरेषेचं दुखणं याहून जुनाट. पहिला इमानदारीत रेषेवर थांबतो. दुसरा त्याच्या पुढे झेब्र्यावर. तिसऱ्याला झेब्र्यावरही जागा उरत नाही, म्हणून तो सिग्नलच्या खांबापलीकडे. आता दिवा त्याच्या पाठीमागे! पलीकडचा दिवा असलाच तर फांदीआड नाहीतर कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सआड. हिरवा झाल्याचं त्याला कळतं ते मागच्याच्या हॉर्नवरून. त्यामुळे उगाच हॉर्न वाजवणाऱ्यांबद्दलची माझी तक्रार मी अर्धी मागे घेतो. पुढच्या रांगेने स्वतःला आंधळं करून घेतल्यावर कुणीतरी काठी व्हायलाच हवं. हायकोर्ट चौराह्यावर मूनवॉक करत वाहतूक सांभाळणारे पोलीस रणजीत सिंह देशभर गाजले. ते पुढे चालल्यासारखे दिसायचे आणि मागे सरकायचे. आमची वाहनं थांबल्यासारखी दिसतात आणि पुढे सरकतात.

डावं वळण मोकळं असतं हे पाटीवर. तिथे सरळ जाणारा उभा असतो, कारण ती रांग आखूड दिसली. मागून डावीकडे वळणारे दहाजण ओरडले की तो शिष्टाचार म्हणून वीतभर पुढे होतो. उजवीकडे जायचं आहे तो हमखास अगदी डाव्या कडेला, आणि हिरवा लागताच सगळ्यांच्या नाकासमोरून आडवा. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या शहराला डावे आणि उजवे वेगळे करता येऊ नयेत? बरं, वळण पार केलंच तर तोंडाशीच ई-रिक्षा उभी. तिचाही इलाज नाही, सवारी तिथेच हात दाखवते.

गोल चौराह्याचा नियम असा की जो आत फिरतो आहे त्याला आधी जाऊ द्यायचं. कारण आतली गाडी बाहेर पडली तरच बाहेरचीला जागा होते. इथे बाहेरचा आधी नाक खुपसतो. त्याने आतल्याची वाट अडवली, अडलेल्याने मागच्याची बाहेर पडायची वाट अडवली. असं चारही तोंडांशी झालं की चक्र बंद. मग कुणालाच एक हातही हलता येत नाही आणि सगळे मिळून हॉर्न वाजवतात.

या सगळ्यात एक विनयशील मंडळीही असतात. 'आम्ही सरळ चाललो' हे सांगायला ते चारही दिवे लुकलुकवतात. खरं तर ते दिवे असतात बंद पडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी. शिवाय बाजूने येणाऱ्याला गाडीची एकच कड दिसते, म्हणजे एकाच बाजूचे दिवे. हा वळतोय असं समजून तो बिनधास्त पुढे घुसतो. इंडिकेटर आयुष्यात पहिल्यांदा लावला आणि तोही चारही बाजूंचा, त्याला बिचारा काय करणार!