रोज की प्रसंगापुरती? प्रोप्रानोलॉलवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि तिच्यातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तुमची मुलगी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच गाणं शिकते आणि चार महिन्यांपासून प्रोप्रानोलॉल ही धडधड आवरणारी गोळी, २० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ घेते. ‘मंचावरच्या भीतीसाठी ही गोळी प्रसंगापुरती घ्यावी’ हे माझं वाक्य वाचून ती म्हणाली, “मग उद्यापासून बंद.” त्यावर तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. असे लेख वाचून मुलं मनानेच औषधं सोडतात, ही एक. आणि रोज घेतल्याशिवाय औषध अंगात मुरत नाही, अधूनमधून घेतलेल्या गोळीने काय होणार, ही दुसरी.

पहिली गोष्ट बरोबर आहे. रोज घेणाऱ्याने ही गोळी एकदम सोडू नये, ही ओळ लेखात असायलाच हवी होती. ती आता सगळ्यात वर घातली आहे. हृदयाच्या पेशींवर अॅड्रेनलिन जिथे येऊन बसतं, त्या जागा ही गोळी अडवून धरते. त्या बरेच दिवस अडलेल्या राहिल्या की शरीर अशा जागा वाढवतं. गोळी अचानक थांबली तर एरवीचंच अॅड्रेनलिन या वाढलेल्या जागांवर बसतं आणि काही दिवस धडधड, घाम, थरथर पूर्वीपेक्षा जास्त होते. मुलीला वाटेल, त्रास उलटला. तरुण, निरोगी हृदयाला हे बहुधा नुसतं त्रासाचं ठरतं, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या माणसाला यातून झटकाही येऊ शकतो. म्हणून डॉक्टर मात्रा एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून सावकाश, उतरवतात. हे व्यसन नव्हे. क्लोनाझेपामसारख्या गुंगीच्या गोळ्यांची सवय लागते, तो प्रकार वेगळा.

दुसरी गोष्ट मात्र मला मान्य नाही. मुरावं लागतं ते एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या चिंता-नैराश्यावरच्या औषधांना. त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे जातात. प्रोप्रानोलॉलची साधी गोळी अर्ध्या ते एका तासात कामाला लागते, एक ते दोन तासांत तिचा जोर सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या काही तासांत ओसरतो. आजच्या गोळीला कालच्या गोळीचा टेकू लागत नाही. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मंचभीतीवरचा अभ्यास छापून आला होता. औषध प्रोप्रानोलॉलच्याच, म्हणजे बीटा-ब्लॉकर गटातलं, ऑक्सप्रेनोलॉल, आणि तेही वादनाआधी दिलेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रोज की प्रसंगापुरती, हे भीतीच्या स्वभावावरून ठरतं. काही भीतींना तारीख आणि वेळ असते. पत्रिकेवर छापलेली असते म्हणा ना: अमुक दिवस, सायंकाळी साडेसात. दुसऱ्या भीतीला तारीख नसते. ती सकाळी डोळे उघडल्यापासून सोबत असते. पहिलीत त्रास शरीरातून उठतो. हृदय उडतं, हात कापतात, स्वर हलतो, आणि ते जाणवून माणूस आणखी घाबरतो. गोळी हे चक्र मधेच तोडते. ‘अंतरा विसरले तर?’ हा विचार मात्र ती पुसत नाही. म्हणून तारीख नसलेल्या चिंतेवर नुसती प्रोप्रानोलॉल रोज देण्याला भक्कम पुरावा नाही. तिथे समुपदेशन आणि मघाशी सांगितलेली औषधं आधी येतात.

याचा अर्थ तुमचे डॉक्टर चुकले, असा नाही. रोज देण्याची चांगली कारणं असतात. मायग्रेन वारंवार होत असेल तर तो टाळायला ही गोळी रोजच घ्यावी लागते. हातांचा जुना कंप असेल किंवा थायरॉइड वाढलेलं असेल, तरीही. कधी दुसरं औषध लागू पडेपर्यंतची धडधड आवरायला काही आठवडे देतात. तुमच्या मुलीला यातलं कोणतं कारण आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेच डॉक्टरांना विचारायचं आहे: ही कशासाठी आहे, किती दिवस, आणि कमी कशी करायची. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि ईसीजी झालेत का, हेही विचारा. पंडुरोगाची, म्हणजे रक्त कमी असल्याची, धडधड मनाची समजून महिनोन्महिने दाबली जाते, आणि मुलींमध्ये हे फार होतं.

पुढेमागे डॉक्टरांनी प्रसंगापुरती करायचं ठरवलं तर गोळीचीही रंगीत तालीम हवी. कार्यक्रमाच्या दिवशी ती पहिल्यांदा घेणं ही सर्वांत मोठी चूक. सुटीच्या दिवशी घरी १० मिलिग्रॅम घ्यायची. आधी, एका तासाने आणि दोन तासांनी मनगटावर नाडी मोजायची, ३० सेकंद मोजून दुप्पट. मग उभं राहून गरगरतं का ते पाहायचं आणि तासभर रियाज करायचा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. कमी पडली तर २०, दुसऱ्या दिवशी. डॉक्टर कधी ४० पर्यंत जातात. त्याच्या वर गेलं की हात स्थिर राहतात, पण गाणं विझतं. मुळातच नाडी ५० च्या खाली असेल तर घ्यायची नाही, ५० ते ६० असेल तर आधी विचारायचं.

मंचावर जाण्याच्या एक ते दीड तास आधी घ्यावी. पत्रिकेतली वेळ धरू नका. आपल्याकडे साडेसातचं गाणं नऊला सुरू होतं. उशीर झाला म्हणून दुसरी गोळी मुळीच नको, पहिलीचा असर तीन-चार तास पुरतो. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या दिवसांतल्या थंडीत आणखी एक अडचण येते. ही गोळी हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडते, बोटं गार पडतात. गायिकेचं निभावतं, तबल्याच्या किंवा सतारीच्या बोटांचं नाही. मंचावर चढेपर्यंत हातमोजे घालावेत आणि मात्रा कमीत कमी ठेवावी. हरतालिकेच्या निर्जळ उपासात मात्र ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, साखर आणि रक्तदाब दोन्ही उतरू शकतात. रोज चालू असेल तर उपासाचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

लहानपणी तिला दमा होता का? होता, तर हे पहिल्यांदा सांगा. प्रोप्रानोलॉल श्वासनलिकाही आवळते आणि सालब्युटामॉलचा पंप तिच्यापुढे नीट चालत नाही. मधुमेहात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर घटल्याची थरथर आणि धडधड ती झाकते, घाम तेवढा उरतो. व्हेरापामिल, डिल्टियाझेम या हृदय-रक्तदाबाच्या औषधांबरोबर नाडी धोकादायक मंदावू शकते.

दुकानातून आणताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ‘एलए’ किंवा ‘टीआर’ लिहिलेली कॅप्सूल सावकाश विरघळते, प्रसंगापुरती तिचा उपयोग नाही. काही गोळ्यांत प्रोप्रानोलॉलबरोबर क्लोनाझेपाम किंवा एटिझोलाम मिसळलेलं असतं. त्याने झोप येते, आठवण मंदावते आणि सवयही लागते. शेजारच्या मैत्रिणीने दिलेली ‘तीच’ गोळी बऱ्याचदा ही असते. इथल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेतल्या मुलांसाठी एक ओळ: नेमबाजी आणि तिरंदाजीत प्रोप्रानोलॉलचा अख्खा बीटा-ब्लॉकर गटच डोपिंगमध्ये मोडतो.

आणि घरात कुणी खचलेल्या मनःस्थितीत असेल तर या गोळ्यांचा साठा मोठ्या माणसाच्या ताब्यात, कुलपात ठेवा. एकदम जास्त गेल्या तर प्रोप्रानोलॉल फार वेगाने जिवावर बेतते. फिट येते, हृदयाची लय बिघडते. तसं झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

तोवर मुलीला सांगा, सकाळ-संध्याकाळची गोळी आहे तशीच चालू ठेव. आठवडाभर गोळीच्या आधीची नाडी आणि धडधड नेमकी कधी झाली त्याची वेळ वहीत लिहून घ्या आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.