व्हीगन ताट आणि नाशिकची वाइन: फिरत्या मजकुराला उत्तर

नाशिककडे जानेवारीत वाइनच्या द्राक्षांची काढणी सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. पुण्या-मुंबईची गर्दी गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांकडे वळते, आणि त्याच सुमारास एक मजकूर ग्रुपांमधून फिरू लागतो. त्याचा सारांश असा: व्हीगन लोकांनी, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांकडून आलेलं काहीच न घेणाऱ्यांनी, वायनरीत जाऊन पैसे वाया घालवू नयेत. वाइन द्राक्षाची असते, म्हणजे ती व्हीगनच. ‘व्हीगन वाइन’ हा विक्रीचा फंडा आहे. वाइनची खरी जोडी चीज आणि मटण, रेडला तर त्याशिवाय गत्यंतरच नाही. आपल्या तिखट-मसालेदार जेवणापुढे वाइन मरते. वाइन युरोपची, तिथल्याच जेवणाबरोबर ती शोभते. आणि व्हीगन थाळी म्हणजे शेवटी काजूचं नकली चीज आणि कच्चा पाला.

मी स्वतः व्हीगन आहे, नाशिकच्या वाइनवर माझं प्रेम आहे, आणि या मजकुरामुळे घरचे, मित्र, ओळखीचे लोक बेत रद्द करताना मी पाहते. म्हणून एकेक मुद्दा घेते. यातला पहिला मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण व्हीगन माणसाने जिथे चौकशी करायला हवी नेमकी तिथेच तो करू नका म्हणून सांगतो.

‘द्राक्षाची आहे, म्हणजे व्हीगनच’

द्राक्षाचा रस आंबून वाइन झाली की ती लगेच स्वच्छ नसते. यीस्टचे मेलेले कण, द्राक्षातली प्रथिनं, सालीतून आणि बियांतून उतरलेलं, तुरटपणा देणारं टॅनिन असं बरंच काही तिच्यात तरंगत असतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, तसं टाकीत काहीतरी घालून हे कण एकत्र बांधायचे आणि तळाला बसवायचे, याला वायनरीत फायनिंग म्हणतात. आणि हे ‘काहीतरी’ पिढ्यान्‌पिढ्या प्राण्यांकडूनच आलेलं आहे: अंड्यातला पांढरा बलक, दुधातलं केसिन, हाडं आणि कातडी उकळून काढलेलं जिलेटिन, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास. फ्रान्समधल्या बोर्दोत २२५ लिटरच्या एका लाकडी पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. त्यात लपवाछपवी काही नाही, ती कायदेशीरही आहे. पण ती वाइन व्हीगन नाही.

पर्याय आहेत, आणि ते नवेही नाहीत. बेंटोनाइट ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली माती. ती गरम पाण्यात भिजत घातली की फुगते आणि करड्या रंगाचा गुळगुळीत लगदा तयार होतो. तो टाकीत ढवळून सोडला की द्राक्षातली प्रथिनं त्याला चिकटतात आणि काही दिवसांत सगळं तळाशी जातं. वरची नितळ वाइन दुसऱ्या टाकीत घेतात, खाली राखाडी चिखल उरतो. व्हाइट वाइनसाठी हे सर्रास वापरलं जातं. रेडमधलं जास्तीचं टॅनिन कमी करायला आता वाटाण्याचं किंवा बटाट्याचं प्रथिन मिळतं. काही वाइनमेकर यांतलं काहीच घालत नाहीत, वाइन महिनोन्‌महिने स्वस्थ ठेवून आपोआप निवळू देतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सगळं तळाशी बसतं, काढून टाकलं जातं, मग पेल्यात राहतं काय? बहुतेक वेळा जवळपास काहीच नाही, हे खरं. पण अंश कधीच राहत नसता, तर अंडं किंवा दूध वापरलेल्या आणि त्याचे अंश सापडणाऱ्या वाइनच्या लेबलवर ॲलर्जीची सूचना छापायची सक्ती युरोपीय संघाने २०१२ पासून केली नसती. शिवाय व्हीगन माणूस अंशाचा हिशोब करत नसतो. तो वस्तू बनवताना प्राण्याचा वापर झाला का, एवढंच विचारतो. आपला कायदाही हेच धरून आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्न नियामक संस्थेचे व्हीगन अन्नाबद्दलचे २०२२ चे नियम फक्त घटक पाहत नाहीत, प्रक्रियेत वापरलेले साहाय्यक पदार्थही प्राणीज नसावेत असं सांगतात. म्हणून हिरव्या ठिपक्यावर विसंबणंही चूक आहे. हिरव्या ठिपक्याला दूध चालतं, म्हणजे केसिनही चालतं.

‘रेडला चीज आणि मटण लागतंच’

हा समज खूप जुना आहे आणि त्यामागे एक खरं निरीक्षण आहे, तेवढं आधी मान्य करू. रेड वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा वंगणपणा जातो, म्हणून जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात. तोंडात आधीच प्रथिनं, स्निग्धता आणि मीठ असेल, तर टॅनिन त्यांच्यात गुंततं आणि घोट मऊ लागतो. मटणाने हेच होतं. पण टॅनिनला ते प्रथिन बकऱ्याचं आहे की शेंगदाण्याचं, याच्याशी कर्तव्य नसतं. वायनरीतल्या टाकीत वाटाण्याचं प्रथिन टॅनिन पकडतं म्हणून तर ते फायनिंगला वापरतात! जे टाकीत होतं ते तोंडात का होणार नाही?

भरली वांगी घ्या. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, गोडा मसाला, वर तेलाचा तवंग. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिनं आणि निम्म्याच्या आसपास तेल असतं. नुसत्या शिराज या रेड वाइनचा घोट घेतला तर गालाच्या आतल्या बाजूला तुरटपणा चढतो. वांग्याचा घास खाऊन, तो पुरता गिळण्याआधी, त्याच ग्लासातला दुसरा घोट घ्या. तुरटपणा मागे सरतो आणि आधी न जाणवलेली काळ्या मिरीची झाक पुढे येते. ही झाक कल्पनेतली नाही. रोटुंडोन नावाचं एकच रसायन काळ्या मिरीत आणि शिराजच्या द्राक्षात असतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ मध्ये दाखवून दिलं. मसाल्यातली मिरी आणि वाइनमधली मिरी एकमेकींना उचलून धरतात. कारळ्याची किंवा तिळाची चटणी, वर कच्चं तेल आणि ज्वारीची भाकरी, एवढ्यावरही हे जमतं.

आता चीज. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या दोन संशोधिकांनी २००६ मध्ये प्रशिक्षित चवपारख्यांना आठ प्रकारच्या चीजबरोबर आठ रेड वाइन चाखायला दिल्या. चीज खाल्ल्यावर वाइनचे बहुतेक गुण दबले: तुरटपणा दबला, तसा फळांचा आणि लाकडाचा वासही दबला. वाढला तो फक्त लोण्यासारखा वास. म्हणजे चीज वाइनचे दोष झाकतं तसे गुणही झाकतं. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल खावं. पण ‘त्याशिवाय वाइन अपुरी’ या म्हणण्याला या प्रयोगातून आधार मिळत नाही.

व्हीगन ताटात एक जागा जपण्यासारखी आहे. मशरूम, टोमॅटो, सोया सॉस यांत जी मांसल, रसरशीत चव असते तिने रेड वाइन जास्त कडू लागते. वायनऱ्यांच्या मेनूवर व्हीगन म्हणून बहुधा मशरूमचाच पदार्थ पुढे केला जातो आणि लोक म्हणतात, बघा, जमत नाही. त्यावर लिंबू पिळा, चिमूटभर मीठ घाला आणि परत घोट घ्या. मीठ आणि आंबटपणा तो कडूपणा खाली बसवतात.

‘आपल्या तिखटापुढे वाइन मरते’

मिरचीतलं कॅप्सायसिन आणि अल्कोहोल, दोन्ही जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या एकाच रिसेप्टरला चाळवतात. म्हणून साडेचौदा टक्के अल्कोहोलची, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली जड रेड आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एकत्र आले की आग होते. एवढ्यापुरतं म्हणणं बरोबर. पण तेवढ्यावरून सगळी वाइन आणि सगळं मराठी जेवण यांची काडीमोड का करायची? तिखटाबरोबर कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर, चांगली गार वाइन घ्यायची. नाशिकची शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन बऱ्याचदा अशीच असते, रीस्लिंग ही दुसरी व्हाइटही चालते. मटकीची उसळ, झणझणीत मिसळ, झुणका यांच्याबरोबर गार शेनिनचा घोट घेऊन बघा. गोडव्याने तिखट खाली येतं आणि तिच्या आंबटपणाने तर्रीचं तेल कापलं जातं.

मुळात मसालेदार म्हणजे तिखट नव्हे. कोथिंबीर वडीत तिखट कितीसं असतं? तिचा हिरवा वास आणि सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनचा हिरवा, ढोबळी मिरचीसारखा वास हे एका घरातले. अळूवडीत चिंच आहे, म्हणून वाइन तिच्याहून आंबट हवी, नाहीतर घोट पाणचट लागेल. गूळही आहे, म्हणून अगदी कोरडी वाइनही नको. कांदाभजी, साबुदाणा वडा अशा तळलेल्या, खारट पदार्थांना बुडबुडेवाली स्पार्कलिंग लागते. त्याहून सोपी जोडी मला माहीत नाही.

तापमानाचंही बघायला हवं. ‘रेड खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशांतल्या सोळा-अठरा अंश खोल्यांचा आहे. मार्चमधल्या नाशिकच्या दुपारी, उघड्या गच्चीवर, पस्तीस अंशांत ठेवलेली रेड कशाहीबरोबर भाजणारच. ती वीसेक मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. मसाल्यावर घेतलेला निम्मा आळ तिथेच गळून पडतो.

‘वाइन युरोपची, जेवणही तिथलंच हवं’

युरोपचं म्हणजे कोणाचं? वाइन पिणारा भूमध्य सागराकाठचा शेतकरी रोज मांस खात नव्हता. इटलीच्या लिगुरियात फारिनाता करतात: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, आणि तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजणं. आपलं बेसनाचं धिरडं त्याचं सख्खं भावंड. इटलीच्याच पुलियात सुक्या बाकल्याचं (वालासारख्या कडधान्याचं) वरण घोटून त्यावर कडसर पालेभाजी आणि तेल घालतात. ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या लांबच लांब काळात मांस, दूध, अंडी काहीच खात नाहीत, आणि त्यातल्या ठरावीक दिवशी तेल आणि वाइन चालते. म्हणजे प्राण्याविना ताट आणि बाजूला वाइन, ही त्यांच्याकडे धर्माने घालून दिलेली रीत आहे.

आणि नाशिकचं स्वतःचं काय? सुला या इथल्या वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. इथल्या वाइनबरोबर काय खावं याची परंपरा अजून बनतेच आहे. ती बनवताना पिठलं-भाकरी, वालाचं बिरडं, काजूची उसळ, फणसाची भाजी बाहेर ठेवून पनीर टिक्का आणि चीजची पाटी आत घ्यायची, हे मला पटत नाही. हीच माती, हेच पाणी, याच जिल्ह्यातली खरड छाटणी आणि गोडी छाटणी या वेलीच्या दोन छाटण्यांतून ती द्राक्षं आली आहेत.

‘व्हीगन थाळी म्हणजे नकली चीज आणि पाला’

वर एवढे पदार्थ आले, त्यात एकही नकली चीज नाही, तेव्हा यावर फार लिहीत नाही. अडचण वेगळीच आहे. वायनरीच्या रेस्टॉरंटात व्हीगन म्हटलं की ‘जैन करून देऊ’ असं उत्तर मला एकदा मिळालं, आणि समोर आलं ते कांदा-लसूण नसलेलं, पण लोणी आणि क्रीम ओतलेलं जेवण. वाढणारा मुलगा मनापासून मदत करत होता, त्याला फरक कोणी सांगितलेलाच नव्हता. म्हणून ‘व्हीगन’ एवढंच न सांगता यादी सांगावी: दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध, अंडं नको, कांदा-लसूण चालेल. भाकरीला वरून तूप लावतात, ब्रेडवर लोण्याचा हात फिरतो, हिरव्या चटणीत दही असतं आणि सॅलडवर मधाचं ड्रेसिंग, हे चार प्रश्न आवर्जून विचारावेत.

पेल्याचं काम जायच्या आधीच करून ठेवावं. बार्निव्होर या संकेतस्थळावर जगभरच्या वाइन व्हीगन आहेत की नाहीत याची नोंद मिळते, पण तुमची बाटली तिथे असेलच असं नाही. मग वायनरीला फोन करा आणि ‘तुमची वाइन व्हीगन आहे का’ असं न विचारता ‘या वाइनच्या या सालाच्या फायनिंगला काय वापरलं’ असं विचारा. साल महत्त्वाचं आहे, कारण एकाच लेबलची वाइन एका वर्षी मातीने निवळलेली असू शकते आणि पुढच्या वर्षी अंड्याने. टेस्टिंग काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर त्याने अंदाजाने ‘हो’ म्हणू नये, वाइनमेकरला विचारून कळवावं, एवढा आग्रह धरा. आणि वायनऱ्यांना माझी थेट विनंती आहे: बाटलीच्या मागच्या लेबलवर तुम्ही द्राक्षाचा वाण, अल्कोहोलचं प्रमाण, किती अंशांना प्यावी हे सगळं छापता. त्याखाली फायनिंगची एक ओळ छापा.