काकांचा अंगठा

जर्मनीत पोराच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा खर्च तीन हजार युरोच्या घरात जातो. तेव्हा मी सोन्याचा मार्क विकायला का निघालो, हे वेगळं सांगायला नको.

मार्क हे जर्मनीचं जुनं चलन. ते जाऊन युरो येणार म्हणून 2001 साली बुंडेसबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, निरोपाचं नाणं काढलं. दिसायला नेहमीचाच एक मार्क, आकारही तोच, फक्त 12 ग्रॅम शुद्ध सोन्याचा. अशी दहा लाख नाणी पाडली. मी ते सुमारे अडीचशे मार्कांना घेतलं तेव्हा बायको म्हणाली होती, "एक मार्क अडीचशे मार्कांना? आणि तोही बंद पडणारा?" आज त्यातलं नुसतं सोनंच हजार युरोच्या वर जातं, तरी तिचं मत बदललेलं नाही.

तर श्टुटगार्टमधलं नाण्यांचं दुकान. दुकानदाराने हातमोजे घातले, भिंग लावलं, मान डोलावली. आता आकडा बोलणार, एवढ्यात मागून खणखणीत मराठीत आवाज आला, "काय रे, सोनं मोडतोस?"

काका. मूळचे मिरजेचे, इथे 1972 पासून. एका हातात अर्धं खाल्लेलं बटर-ब्रेत्सेल, म्हणजे लोणी लावलेला गाठीचा पाव. युरो आल्याला वीस-बावीस वर्षं होऊन गेली, पण काका अजून मार्कातच जगतात. मंडळाच्या गणपतीत वर्गणी मागितली तर आधी 1.95583 ने गुणतात आणि मग दचकतात. एका युरोचे मार्क किती, हा दर त्यांना पावकीसारखा पाठ आहे.

"मार्क 1948 चा, मी पण 1948 चा," काका म्हणाले. "तो गेला, मी आहे. दाखव बघू."

दाखव कसलं, उचललंच. डबीतून काढलं. लोण्याच्या बोटांनी.

दुकानदाराच्या तोंडून जो आवाज निघाला तो जर्मन नव्हता, कुठल्याच भाषेतला नव्हता. काकांचं तिकडे लक्ष नाही. "हे बघ, एफ! म्हणजे आपल्या श्टुटगार्टच्या टाकसाळीतलं. ए बर्लिन, डी म्युनिक, जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग. आणि यावर देशाचं नाव नाही, बँकेचं आहे, पाहिलंस का?" मग हेच सगळं त्यांनी दुकानदाराला जर्मनमध्ये समजावलं. जन्मभर नाणी विकणाऱ्या माणसाला! त्या बिचाऱ्याचे डोळे काकांच्या अंगठ्यावरून हलत नव्हते. फ्रान्सने 2012 साली फ्रँकच्या नोटांना दार बंद केलं, पण आपली बुंडेसबँक मार्क अजून बदलून देते, कितीही वर्षांनी या, हेही सांगून झालं. आपली! मिरजेच्या माणसाची!

"काका, ठेवा ना ते खाली," मी म्हणालो.

"अरे, डाग पडलाय जरासा. थांब." आणि काकांनी खिशातून रुमाल काढून नाणं खसाखसा पुसलं. शुद्ध सोनं मऊ असतं. भिंगाखाली बारीक चरे उमटलेले मलाही दिसले.

आता हे नाणं संग्राहकाला विकता येणार नाही, वितळवण्याच्या भावाने घेईन, चाळीस युरो कमी, असं दुकानदाराने शांतपणे सांगितलं. चूक कोणाची, हा प्रश्न त्याला पडला नाही. मला पडला होता, पण वयाने मोठ्या माणसाला परक्यांसमोर काय बोलणार? आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या चुकीचं बिल नेहमी धाकट्यांच्या नावावर फाटतं, आणि वर नमस्कार करायचा. केलाही.

"चाळीस?" काका कडाडले. "म्हणजे अठ्ठ्याहत्तर मार्क तेवीस फेनिग! लुटतात रे लेकाचे! तू बोलत कसा नाहीस? म्हणूनच आपली माणसं मागे पडतात."

बाहेर आल्यावर त्यांनी पार्किंगसाठी सुटे दोन युरो मागितले. दिले. अजून परत आलेले नाहीत. तीन मार्क एक्क्याण्णव.