पालखीतला जावई

सासुरवाडी कोल्हापूरची असली की मे महिन्याच्या सुट्टीत जावयाची दोन गोष्टींतून सुटका नसते. एक तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी आणि दुसरी म्हणजे मेहुण्याने आपल्याला न विचारता काढलेली तिकिटं. यंदाची तिकिटं होती एका मैदानातल्या मंडपाची. 'भयाण इतिहास, तुमच्यासोबत घडेल!' असा फलक होता, शेजारी कवटी आणि खाली बारीक अक्षरात 'रक्तदाब असणाऱ्यांनी प्रवेश टाळावा.'

"मला प्रेशर हाय," सासूबाई आशेने म्हणाल्या.

"गोळी घेतलीय न्हवं? मग चल," सासरे म्हणाले.

सासऱ्यांविषयी सांगायला हवं. गेली कित्येक वर्षं आषाढात ते पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात, चिखलातून, जळवांसकट. त्यामुळे १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला, शिवाजी महाराज ज्यातून निसटले तो वेढा त्यांच्या लेखी इतिहास नाही, घरचं प्रकरण आहे. आत शिरताच धुराचं यंत्र फुसफुसलं, कुठूनतरी कोल्हेकुई झाली, पोरं आईला चिकटली, आणि सासरे वर बघून म्हणाले, "चांद कुठाय?"

दारावरचा सांगाडा गोंधळला.

"आषाढी पौर्णिमेची रात्र हुती. ढगाआड का असंना, चांद पायजे. ही अवस तुम्ही कुठनं आणली?"

सांगाड्याने आम्हाला घाईघाईने पुढे ढकललं.

पुढे प्लायवुडची अंधारबाव, म्हणजे गडावरची अंधारी विहीर होती. तीन मजली खरी अंधारबाव पन्हाळ्यावर ज्याने पाहिली आहे, त्याला रबरी वटवाघळं काय घाबरवणार? ती आम्ही दोन मिनिटांत आटोपली. सिद्दी जौहरच्या छावणीत मात्र मुक्काम पडला, कारण तिथे तोफेपाशी इंग्रज उभा होता. सिद्दीच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन आले होते, तो हा. तोंडाला पावडरचा जाड थर, पण कान तसेच राहिलेले, चांगले रंकाळ्यावर उन्हात भाजलेले. तो डोळे वटारून अंगावर आला. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"फुडच्या साली महाराज राजापुरात येणार हाईत. तुमा सगळ्यास्नी कैदेत टाकणार."

"व्हय काका," इंग्रज हळूच म्हणाला, "त्याच्या आधी पगार तेवढा होऊ दे."

एवढ्यात हाळी आली, "शिवा काशिदांच्या पालखीत कोण बसणार?"

"आमचं दाजी!" मेहुणा ओरडला. माझी दाढी हा त्याचा पुरावा होता. मी नको म्हणेपर्यंत डोक्यावर जिरेटोप आला आणि हातात संवादाची चिठ्ठी.

खरी पंचाईत इथून पुढे. शिवा काशिदांचं नाव निघालं आणि मंडपातलं खिदळणं एकदम बंद झालं. महाराज निसटावेत म्हणून त्यांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसलेला आणि मरण ठाऊक असून गेलेला माणूस. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "चप्पल काढा ओ, पालखी हाय." मी काढली. आणि तेव्हा ध्यानात आलं, की इथे किंचाळायची सोय नाही. एरवी भुताच्या मंडपात पैसे देऊन बोंबलायलाच तर जातात. पण त्या पालखीत बसून, कोल्हापुरात, सासऱ्यांदेखत 'आई गं' म्हणणारा जावई पुढच्या दिवाळीला कोणत्या तोंडाने येणार?

चौघा पोरांनी पालखी उचलली आणि गदागदा हलवली. कानात गार हवेचा झोत आला. पडद्यातून एक हाडकुळा हात आला आणि गुडघा चाचपू लागला. मानेवर ओलं, बुळबुळीत काहीतरी सरकलं. ते काय होतं हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. मी दात आवळून ताठ बसून होतो. बाहेरून बायको म्हणत होती, "अहो, बरे आहात ना?" आणि सासरे म्हणत होते, "त्यास्नी काय होतंय!"

पालखी आपटली. समोर सिद्दी जौहर, लाल दिव्यात. "बोल, कोण तू?"

अंधारात चिठ्ठी वाचता येईना. अख्खा मंडप थांबलेला. शेवटी सासऱ्यांनाच राहवलं नाही, "शिवा काशिद म्हणा की पाव्हणं!"

म्हणालो. आवाज चिरकला, पण शब्द सगळे आले. तलवार लखलखली, दिवे गेले, पायाखालची फळी वीतभर खाली गेली आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी उठली. माझी नव्हे. मेहुण्याची. मागून सांगाड्याने त्याचा खांदा धरला होता.

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर तो सारखा समजावून सांगत होता, की आपण नुसतं वातावरण तयार केलं. पोरं त्याची नक्कल करून रस सांडत होती. सासूबाईंचं प्रेशर उत्तम होतं. सासरे मात्र दारावरच्या अभिप्राय वहीत वाकून बराच वेळ लिहीत बसले. मी मागे जाऊन डोकावलो. सुवाच्य अक्षरात होतं:

'चांद दाखवावा. पाऊस अजिबात नाही, ही मोठी चूक. इंग्रजाचा पगार वेळेवर करावा. जावई ठीक.'