परत तेच, फ्लॅश चिप बदलली आणि बूटलोडर आंधळा

अरे किती वेळा तेच तेच करायचं? जुनी फ्लॅश चिप (जिच्यात बोर्डाचं सॉफ्टवेअर साठवलेलं असतं) बनायची बंद झाली म्हणून परचेसवाल्यांनी "सेमच आहे" म्हणत दुसरी लावली, आणि यू-बूट, म्हणजे बोर्ड सुरू करून देणारा आमचा बूटलोडर, म्हणतं जेडेक आयडी (चिपची ओळख सांगणारा नंबर) ओळखीचा नाही. बरं, ड्रायव्हरच्या (चिपशी बोलणाऱ्या कोडच्या) टेबलात एक ओळ टाकली, झालं? कसलं काय! क्वाड एनेबल बिट (एकदम चार लाइनींवरून डेटा वाचायची सोय चालू करणारा) एका कंपनीच्या चिपमध्ये पहिल्या स्टेटस रजिस्टरमध्ये (चिपच्या सेटिंग्जच्या कप्प्यात), दुसरीच्या दुसऱ्या रजिस्टरमध्ये, आणि हे सगळं सांगायला चिपमध्येच जो एसएफडीपी नावाचा माहितीचा टेबल असतो तोच कधीकधी चुकीचा भरलेला असतो (मग ठेवला कशाला?).

त्यात १६ एमबीच्या वर गेलात की ३ बाइटचा पत्ता पुरत नाही, म्हणून ड्रायव्हर चिपला ४ बाइट मोडमध्ये टाकतो, आणि मग रिबूट मारला की बोर्ड मेलेला, कारण चिपची रीसेट पिन कुठे जोडलेलीच नाही, ती बसलीय ४ बाइटमध्ये आणि बूट रॉम (प्रोसेसरमधला सगळ्यात आधी चालणारा पक्का कोड) बिचारा ३ बाइटच पाठवतोय. पॉवर काढून लावली की मस्त चालतं, त्यामुळे टेस्टिंगवाले म्हणतात "आमच्याकडे तर होतंय".

आणि वरून विचारतात, एका ड्रायव्हरला एवढे दिवस? वेंडरचा कित्येक वर्षं जुना फोर्क (कोडची त्यांनी बदललेली वेगळी प्रत) उघडून बघा एकदा, मग बोलू.