मतं विकत मिळत असती, तर १९७७ घडलंच नसतं

निवडणूक जवळ आली की एक मजकूर मोबाईलवर फिरू लागतो: "मतदाराला काही कळत नाही. पैसे वाटा, जातीचं गणित जमवा, मोठा चेहरा पुढे करा, यंत्रणा हातात ठेवा. लोकांच्या मनात काय आहे ते शोधत बसण्यात अर्थ नाही." चांगली शिकलेली माणसंही तो बिनदिक्कत पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

"पैसे दिले की मत मिळतं." पैसे वाटले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मतदान गुप्त असतं. पाकीट घेणाऱ्याने आत जाऊन कोणतं बटण दाबलं, हे वाटणाऱ्याला कळत नाही. शिवाय पाकीट दोन्हीकडून आलेलं असू शकतं. मग शेवटचा कौल ठरतो तो कशावर?

"सत्ता आणि यंत्रणा हाती असली की पुरे." आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, काँग्रेसकडे १९७१ साली जिंकलेल्या ३५२ जागा होत्या. यापेक्षा जास्त यंत्रणा कुणाच्या हाती असणार? जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये काँग्रेस १५४ वर आली. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पक्षाला एकही जागा मिळाली नाही. आंध्र प्रदेशात मात्र ४२ पैकी ४१ मिळाल्या. सक्तीच्या नसबंदीचा जाच उत्तरेत सर्वाधिक होता. घरात घुसलेली ती भीती आणि तो अपमान लोकांनी मनात धरून ठेवला होता. छापून काही येत नव्हतं, त्यामुळे दिल्लीला त्याची कुणकुणही नीट लागली नाही. लोकांची तोंडं बंद करणाऱ्या सरकारला ऐकू येणंही बंद होतं.

"जात जुळली की झालं." जात मोजली जाते, तिकिटं देताना तर हमखास. पण त्याच उत्तर प्रदेशात १९७१ मध्ये काँग्रेसने ८५ पैकी ७३ जागा जिंकल्या होत्या. सहा वर्षांत तिथल्या जाती बदलल्या नव्हत्या.

"मोठा चेहरा असला की लोक मागे येतात." १९४५ मध्ये महायुद्धात ब्रिटनचं नेतृत्व करणाऱ्या पंतप्रधान चर्चिलपेक्षा मोठा चेहरा तिथे नव्हता. युरोपातलं युद्ध मे महिन्यात संपलं आणि जुलैच्या निकालात चर्चिलच्या विरोधातल्या मजूर पक्षाला ३९३ जागा आणि बहुमत मिळालं. लोकांना चर्चिलबद्दल आदर होताच. पण घर, रोजगार आणि आजारपणात आधार कोण देईल, या प्रश्नाचं उत्तर त्यांना दुसरीकडे दिसलं.

लोकांच्या मनात काय आहे, हे जिंकणाऱ्यालाही कळावं लागतं, आणि त्या मजकुरात नेमकं हेच सुटलं आहे. १९७७ चं मत मुख्यतः आणीबाणीवरच्या संतापाचं होतं. विरोधकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या आणि तेव्हा सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या नेत्यांनी ते आपल्यावरचं प्रेम समजून पंतप्रधानपदासाठी भांडणं केली. मतदाराला हवं होतं धड चालणारं सरकार. जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५३ जागा दिल्या आणि जनता पक्षाला ३१.